काकूंची अंघोळ होईपर्यंत

जागा बघायला गेले तेव्हा त्या गृहस्थांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. पुण्यात एकट्या बाईला जागा देताना हे प्रश्न उंबऱ्यातच येतात आणि त्यांची उत्तरं मी रिक्षात घोकत आले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “अंघोळ किती वाजता करता?”

सत्तरीच्या पुढचा माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रश्न हा! मी पर्स छातीशी धरून दार कुठे आहे ते बघायला लागले. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “अहो, असं विचारतात का कुणी? त्या घाबरल्या बघा.”

“घाबरू देत,” काका म्हणाले. “घाबरणाऱ्या माणसांना काही होत नाही. न घाबरणाऱ्यांच्या फायली मी आयुष्यभर बघितल्यात.”

जागा मात्र झकास होती. बिबवेवाडीच्या चढावरचं छोटंसं दुमजली घर, खाली माझ्या दोन खोल्या, वर ते दोघं. मागच्या खिडकीतून मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे, पण एवढ्या भाड्यात हॉर्न चालतात. अट एकच. सकाळी काकू अंघोळीला गेल्या की त्या बाहेर येईपर्यंत खाली एकही नळ उघडायचा नाही. मोरीतला नाही, ओट्यावरचा नाही, बेसिनचासुद्धा नाही. तशी पाटीबिटी लावलेली नव्हती, हे आधीच सांगते, म्हणजे पुण्याबाहेरच्यांनी उगाच वाट बघायला नको.

पाटीऐवजी टणटणाट होता. गच्चीवरून एक जुना लोखंडी पाइप भिंतीच्या कडेने माझ्या स्वयंपाकघरापर्यंत उतरलेला होता. काकू बाथरूममध्ये शिरल्या की काका गच्चीवरून त्या पाइपवर किल्ली आपटायचे. टण टण टण. म्हणजे नळ बंद. अंघोळ झाली की काकू आतूनच ओरडायच्या, “अहो, झाली हो अंघोळ!” मग एकच लांब टण. म्हणजे सुटलात. पहिल्या सकाळी तो आवाज माझ्या डोक्याशी झाला तेव्हा मी अंथरुणातून उडी मारून थेट अंगणात आले होते, अनवाणी. वर बघितलं तर कठड्याच्या वर एक काळी छत्री तेवढी दिसत होती. पाऊस नव्हता, काही नव्हतं. मी गपचूप आत गेले आणि दाराला आतून कडी लावली.

काकांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. अपघातांचे दावे तपासायचं काम. कुठे काय पेटलं, कोण कशावरून पडलं, कुणाचा हात कशात गेला, ते बघायला हे जायचे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू त्यांना तिच्या अपघातासकटच दिसायची. मी नवा मिक्सर आणला, तर दारात उभे राहून म्हणाले, “एक केस होती.” मी पडदे लावायला स्टूल घेतलं. “उतरा. एक केस होती. बाई तुमच्याच वयाच्या होत्या.” केस सांगताना आवाज कधी चढायचा नाही. गावाचं नाव, घराची दिशा, बाईंच्या हातात त्या वेळी काय होतं, सगळं बारीकसारीक सांगायचे, आणि ऐन वेळेला थांबायचे. “पुढचं कळलंच असेल,” एवढं म्हणून जिना चढून जायचे.

ते पुढचं मग माझ्या डोक्यात दिवसभर चालू राहायचं. हिंजवडीला ऑफिसात बसून मी कोड लिहितेय आणि मनात कुठल्यातरी अनोळखी बाईचा पदर पेटतोय! महिन्याभरात माझी अवस्था अशी झाली, की इस्त्री बंद केली का हे बघायला मी फाटकापासून परत यायला लागले. गॅस बंद केल्यावर बटणाला हात लावून बघायचा, मग परत लावून बघायचा. आई फोनवर म्हणाली, “तुला काय झालंय गं? इतकी भित्री नव्हतीस तू.” काय सांगणार? घरमालक बरे आहेत, पण त्यांचं भय सर्दीसारखं लागतं, असं सांगणार?

पहिलं भांडण मीच काढलं. कंपनीची बस काही काकूंच्या अंघोळीसाठी थांबत नाही. एका सकाळी मी तोंडाला साबण लावलेला, आणि वरून टण टण टण. डोळे मिटून बेसिनपाशी उभी. साबण वाळला, डोळे चुरचुरायला लागले, बसचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला आणि निघून गेला. माझं डोकंच फिरलं. टॉवेलने तोंड खरवडलं आणि तशीच तरातरा गच्चीवर गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. भाडं देते मी, फुकट राहत नाही!

काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. एका हातात छत्री, दुसरा हात पाइपच्या कॉकवर. समोर दोन पाइप, दोन कॉक, एकाला लाल चिंधी बांधलेली, एकाला निळी. शेजारी पंप गुणगुणत होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, “थांबा. बोलू नका. ती आत आहे.”

त्यांचे डोळे पंपावरून हलत नव्हते. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले.

प्रकार असा होता. वरची बाथरूम टाकीच्या अगदी पोटाखाली, त्यामुळे शॉवरला पाणी नुसतं ठिबकायचं. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून वाकून तांब्याने पाणी घेणं जमेना, म्हणून शॉवर हवा, आणि शॉवरला जोर हवा म्हणून थंड पाण्याच्या पाइपला प्रेशर पंप बसवलेला. गरम पाणी मात्र सोलरचं. सोलरच्या जुन्या टाकीला पंपाचा जोर सोसत नाही, म्हणून ते आपलं वरून खाली स्वतःच्या वजनाने उतरणार. एकीकडून पंपाने ढकललेलं थंड, दुसरीकडून सावकाश येणारं गरम. काका थंडाचा कॉक रोज इतका-इतका उघडून दोघांचा मेळ घालायचे, उन्हाळ्यात वेगळा, हिवाळ्यात वेगळा. पण खाली मी नुसतं बेसिन उघडलं तरी थंड पाणी माझ्याकडे धावणार. वीज गेली तर पंपच बंद पडणार. आणि मग वर शॉवरमधून नुसतं सोलरचं पाणी येणार.

“हात लावून बघा,” काका म्हणाले. मी लाल चिंधीच्या पाइपला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

“तुम्ही घेतलंत मागे,” ते म्हणाले. “तिला डाव्या अंगाला गरम-गार काही कळत नाही. कातडी सोलून निघाली तरी कळणार नाही. आणि अंघोळीच्या वेळी आत कुणी आलेलं तिला चालत नाही, कडी लावून घेते. म्हणून मी इथे. वीज गेली की गरम बंद करायचं, लगेच. एक केस होती.”

मी वाट बघत राहिले. ती केस त्यांनी पुढे सांगितली नाही. ‘कळलंच असेल’ असंही म्हणाले नाहीत. खालून काकूंची हाक आली, “अहो, झाली हो अंघोळ!” तेव्हा कुठे त्यांनी कॉकवरचा हात काढला, खिशातून किल्ली काढली आणि पाइपवर एकदा मारली.

त्या दिवसापासून मला काकांची भीती वाटेनाशी झाली आणि माझ्याच नळांची वाटायला लागली. कोणीतरी आपल्या हातात नकळत एक सुरी देऊन ठेवलीय, असं वाटायचं. टणटणाट झाला की मी दोन्ही हात मागे बांधून ओट्यापासून लांब उभी राहायचे. एकदा मैत्रीण राहायला आली होती, ती सहज हात धुवायला बेसिनकडे वळली तर मी अशी किंचाळले, की तिच्या हातातला कप खाली पडून फुटला. “वेडी झालीस का तू?” ती म्हणाली. झालेच होते. वर कोणाची तरी कातडी आणि खाली माझा नळ, यात वेडं न होणाऱ्याला माझा नमस्कार.

काका एरवी काही फार प्रेमळ वगैरे नव्हते, हेही सांगते. दिवाळीला मी फराळाचं ताट द्यायला गेले तर चकलीकडे बघून म्हणाले, “घशात अडकते.” माझ्या बॉसचा फोन आला असताना मधेच फोन हातातून घेऊन त्याला सांगितलं, “त्या चार्जिंगला लावून बोलतायत, नंतर करा.” शेजारच्यांच्या बारशाला गेले आणि पाळण्याच्या दोऱ्या ओढून बघत बसले. यजमानीण बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकू शांतपणे म्हणाल्या, “त्यांच्याकडे लक्ष नका देऊ. ते लग्नातसुद्धा आधी अंतरपाटाची टोकं कुठे दिव्याला लागतायत का ते बघत होते.” काकूंचं बोलणं असं. डावा पाय ओढत चालायच्या, पण जिभेला कुठलाही झटका शिवला नव्हता.

मग एका दुपारी फाटकाशी टेंपो थांबला आणि त्यातून काका उतरले. सोबत मार्केट यार्डातला एक हमाल होता, डोक्याला मुंडासं, अंगाला कांद्याचा वास. मी सुट्टी म्हणून घरीच होते. हमाल काकूंना म्हणाला, “आज्जी, बाबा सकाळधरनं आमच्या वजनकाट्यापाशी हुबे व्हते. म्हनत्यात, दावा तपासायला आलोय, गोदाम जळलंय. आवो, हितं काय बी जळल्यालं न्हाय. पत्ता सांगंनात. खिशात लाइटबिल सापडलं म्हनून आनलं.”

“भाव बघायला गेले होते हो ते,” काकू पटकन म्हणाल्या. “त्यांची सवयच आहे.” हमालाला चहा दिला, काकांना हाताला धरून वर नेलं. जिन्यात काकूंनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी काही विचारलं नाही. मात्र मला मागच्या काही गोष्टी आठवायला लागल्या. काकांनी तीच मिक्सरची केस मला दोनदा सांगितली होती, आणि दुसऱ्या वेळी गावही वेगळं होतं आणि बाईही. दूध आणायला गेले ते पिशवी विसरून नुसतेच परत आले होते. आणि हा माणूस रोज सकाळी वर बसून कॉक सांभाळतोय!

आणि भर मे महिन्यात व्हायचं ते झालंच. टणटणाट होऊन गेला होता, वर शॉवर चालू होता, मी ओट्यापासून लांब उभी होते. अचानक माझा पंखा मंद होत थांबला. वरची पंपाची गुणगुणही थांबली. वीज गेली होती. आता काका गरम बंद करणार, आता शॉवरचा आवाज बारीक होणार, म्हणून मी कान टवकारून ऐकत होते. आवाज थोडा बदलला, पण थांबला नाही. गच्चीवरून काकांचा आवाज आला, मोठा, जवळजवळ आनंदाचा, “केलं बंद! गरम बंद केलं!” आणि बाथरूमचा झरोका माझ्या मागच्या अंगणावर उघडतो, तिथे मी बघितलं, तर त्यातून वाफ बाहेर येत होती.

जिना कसा चढले ते मला आठवत नाही. काका दोन्ही हातांनी एक कॉक घट्ट दाबून धरून बसले होते. थंडाचा. दोन्ही चिंध्या उन्हाने उडून एकसारख्या मळकट झाल्या होत्या, लाल कुठली निळी कुठली कळत नव्हतं. त्यांनी थंड पूर्ण बंद केलं होतं, म्हणजे खाली नुसती सोलरची उकळती धार चालली होती. मी दुसरा कॉक पिळला, तळहात भाजला, तरी पिळला. “गरमच बंद केलंय मी,” काका म्हणाले. “हो काका, बरोबर केलंत. धरून ठेवा,” मी म्हटलं आणि खाली पळाले.

“काकू! काकू!” मी दार बडवत होते. आतून उत्तर नाही. मला खात्रीच झाली, की दाराच्या पलीकडे ती न सांगितलेली केस पडलेली आहे. मी खांद्याने दार ढकलणार, तेवढ्यात कडी सरकली. काकू दारात उभ्या. कोरडं लुगडं नेसलेल्या, केस विंचरलेल्या. मागे वाफेत एका कोपऱ्यात शॉवरखाली मोठी बादली, आणि अलीकडे दाराजवळ उंच स्टुलावर दुसरी बादली आणि तांब्या.

“ओरडू नका,” त्या म्हणाल्या. “ते ऐकतील.”

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. रडू आलं, आणि रागही आला. “तुम्ही शॉवरखाली नव्हताच?”

“वर्ष होत आलं. उजवा हात आता चांगला चालतो माझा. बादली स्टुलावर ठेवते, आधी उजवा हात घालून बघते, मगच अंगावर घेते. मला काय भाजतंय?”

“मग शॉवर कशाला सोडता? आणि आम्ही खाली नळ बंद करून...”

“पाणी वाया घालवत नाही हो मी, झाडांना घालते सगळं,” काकू म्हणाल्या. मरणाच्या दारात गेल्या तरी बाई आधी पाण्याचा हिशेब देणार. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “ते आता कुठेही जातात. जिन्यावरून उतरले की माझ्या छातीत धडधडायला लागतं. कुलूप लावून बघितलं, तर दार बडवायला लागले. बाहेरून कुलूप आणि आत आग, अशी एक केस होती म्हणे. पण मी आत आहे आणि शॉवर चालू आहे, म्हटलं की ते खुर्ची सोडत नाहीत. काही झालं तरी सोडत नाहीत. दिवसभरात तेवढाच वेळ मला माहीत असतं ते कुठे आहेत. तेवढ्यात मी अंघोळ करते, देवाचं म्हणते, जरा टेकते.”

“तुमच्या बंगळुरूच्या मुलाला सांगायला हवं, काकू.”

“त्याला कळलं तर तो ह्यांना कुठेतरी ठेवेल. चांगल्या ठिकाणीच ठेवेल हो. पण ठेवेल.” त्यांनी माझा भाजलेला तळहात हातात घेतला आणि त्यावर फुंकर घातली. मग जिन्याकडे तोंड करून रोजच्यासारखी हाक दिली, “अहो, झाली हो अंघोळ!”

वरून एकच लांब टण आला.

मी तोंडाला कुलूप लावलं. पण मुलगा पुढच्याच महिन्यात बंगळुरूहून आला आणि त्याने बाप भर उन्हात छत्री धरून गच्चीवर बसलेला बघितला. त्याचा जीव कळवळला. त्याचं काय चुकलं? “आई, बाबांना ऊन लागून काही झालं म्हणजे?” म्हणाला आणि दोन दिवसांत सगळं बदलून टाकलं. जोर सोसणारी नवी सोलरची टाकी, गरम आणि थंड दोन्हीला एकच पंप, बॅटरीवर चालणारा, आणि बाथरूममध्ये गरम-गार मिसळणारा असा नळ, की पाणी ठरलेल्यापेक्षा गरम होऊच नये. जुने लोखंडी पाइप काढले तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग उखडेल, म्हणून प्लंबरने दोन्ही कॉकसकट ते तिथेच ठेवले आणि तोंडांना बुचं ठोकली.

मग मुलाने आम्हा सगळ्यांना उभं करून प्रयोग दाखवला. वर शॉवर चालू. मला म्हणाला, “ताई, खालचे सगळे नळ सोडा.” माझा हात काही केल्या पुढे होईना. शेवटी त्यानेच सोडले. वर काही झालं नाही. पाणी कोमटच्या कोमट. “बघा बाबा! आता कुणी कधीही नळ उघडू दे.”

काकांनी शॉवरखाली हात धरून बघितला. “मग माझं काम काय?” त्यांनी विचारलं.

“आराम करा ना आता!” मुलगा प्रेमाने म्हणाला. त्याने खुर्ची पुसून माळ्यावर टाकली. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

मुलगा परत गेला. पुढचे काही दिवस मी हवा तेव्हा नळ उघडत होते आणि मला त्यात काडीची मजा येत नव्हती. घर फार शांत झालं होतं. आणि एका सकाळी मी बससाठी निघतेय, तर काकू पाय ओढत जिन्यावरून उतरताना दिसल्या. केस ओले, पायात चप्पल नाही. “ते वर नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी अंघोळीला गेले, आणि आले तर नाहीत.”

मी त्यांना पायरीवर बसवलं, फोन हातात धरून ठेवा म्हटलं आणि रिक्षा करून मार्केट यार्ड गाठलं. दुसरीकडे कुठे जाणार? एकदा गेले होते ते तिथेच. आत शिरले आणि माझी पाचावर धारण बसली. ट्रक मागे येतायत, टेंपो वळतायत, पाठीवर पोती घेतलेली माणसं “साइड, साइड” करत धावतायत, कोण कुणाकडे बघत नाही. आणि माझ्या डोक्यात काकांचाच आवाज. एक केस होती, ट्रक मागे घेत होते. एक केस होती, पोत्यांची थप्पी कोसळली. एक केस होती, म्हातारे गृहस्थ होते, पांढरा सदरा. पुढचं कळलंच असेल. मी प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यामागे धावत होते आणि तो दुसराच कुणीतरी निघत होता. देवा, ही केस नको, ही नको, असं मी मोठ्याने म्हणत होते, लोक बघत होते.

कांद्याच्या गाळ्यांच्या मागे हमालांची अंघोळीची टाकी आहे. तिथे गलका ऐकू आला. पाच-सहा जण उघडे, अंगाला साबण फासलेले, नळाभोवती उभे. आणि मधे काका, ओणवे, नळाची चावी दोन्ही हातांनी घट्ट बंद करून धरलेले.

“आवो बाबा, साबन डोळ्यात चाललाया, सोडा की नळ!” एक जण डोळे मिटून ओरडत होता.

“कवाधरनं धरून बसल्यात,” दुसरा मला म्हणाला. “म्हातारं मानूस हाय, हात कसा लावायचा? तुमचे कोन?”

“काका,” मी त्यांच्या शेजारी वाकले. “चला घरी.”

“थांबा,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “बोलू नका. ती आत आहे.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, “काकूंची अंघोळ झाली, काका. नळ सोडा.”

“तिची हाक आली नाही.”

मी कसाबसा फोन लावला. काकूंनी एका क्षणात उचलला. म्हटलं, “सापडले. सुखरूप आहेत. काकू, हाक मारा.” त्यांना आधी कळेना. “कसली हाक?” “रोजची,” मी म्हटलं आणि फोन स्पीकरवर टाकून काकांच्या कानाशी धरला. काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग काकूंचा आवाज आला, मधे फाटलेला, पण खणखणीत, “अहो, झाली हो अंघोळ!”

काकांनी मान वर केली. एक हात चावीवर ठेवून दुसऱ्याने खिसा चाचपला, किल्ली काढली आणि त्या हमालांच्या नळावर एकदा मारली. टण. मग हात काढला. हमालांनी तोंडं धुतली. कुणी हसलं नाही.

रिक्षात मी त्यांचा दंड घट्ट धरून बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, “एक केस होती.” मी वाट बघत राहिले. ते बाहेर बघत होते. “पुढचं आठवत नाही,” म्हणाले. ते ऐकून मला जेवढी भीती वाटली तेवढी त्यांच्या कुठल्याही केसने वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून माळ्यावरची खुर्ची काढली. काकांनी मला चढताना बघितलं, पण उतरा म्हणाले नाहीत. खुर्ची गच्चीत ठेवली. जुन्या कॉकना नव्या चिंध्या बांधल्या, एक लालभडक, एक निळी. मग त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, “काका, वर पाणी फारच गरम येतंय हो. तुम्ही जरा बघता का?”

त्यांनी चष्मा सारखा केला. “मी त्याला सांगितलंच होतं,” म्हणाले आणि छत्री घेऊन जिना चढायला लागले.

ज्या पाइपातून थेंबभर पाणी जात नाही तो ते रोज सांभाळतात. मी तिथे होते तोवर टण टण टण झालं की नळ बंद करून उभी राहायचे, कोणाला काही होणार नाही हे माहीत असूनही. आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. बाराव्या मजल्यावर पाण्याला भरपूर जोर आहे, मी नळ उघडते तो अजून हळूच. सकाळी बसमधून मी काकूंना फोन करते. त्या ‘हॅलो’ म्हणत नाहीत, त्यांनाही ठाऊक असतं मला काय हवंय ते. मागे शॉवरचा आवाज चालू असतो. त्या फोन नेऊन भिंतीला, त्या जुन्या पाइपला लावतात. कधी लगेच ऐकू येतं, कधी बराच वेळ काहीच येत नाही, आणि तेवढ्या वेळात मी खिडकीची दांडी धरून बसते. एक दिवस फोनमधून नुसतं पाणी ऐकू येईल, याची मला फार भीती वाटते.

आज तरी आलं. टण टण टण.